मुचलक्यावरची सही

कांचनडांगा
१० डिसेंबर २००१

तारू,

मी जिवंत आहे. गेल्या हजला मिनाच्या तंबूत आपल्या शेजारच्या हासिनाला तू एवढं एकच विचारलंस म्हणे, "लुत्फाबुबु आहे का अजून?" आहे. दात गेले, उजवा गुडघा गेला, तोंड मात्र शाबूत आहे.

हासिना परत आली वैशाखात आणि तुझा कराचीचा पत्ता तिने माझ्या हातात ठेवला. आता पौष तोंडावर आलाय. इतके महिने तो कागद मी औषधांच्या डब्यात ठेवला होता. रोज डबा उघडायचे, गोळी घ्यायचे, डबा बंद करायचे. पन्नास वर्षांनी सख्ख्या भावाला पत्र लिहायचं तर पहिली ओळ काय लिहावी, ते सुचेना. हासिना म्हणाली, "आपा, भाषा अगदी आपल्या घाटावरची बोलतो हो. पण शेजारी त्याचा मुलगा उभा होता ना, त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. बापाला वेड लागलंय की काय, अशा नजरेने बघत होता." ऐकून मी हसले. मग आत जाऊन दार लावून घेतलं.

बरं, कामाचं लिहिते. येत्या एकवीस फेब्रुवारीला भाषेच्या आंदोलनाला पन्नास वर्षं होतात. आता तो दिवस साऱ्या जगाचा मातृभाषा-दिन झालाय, त्यामुळे आपल्या गावालाही जोर चढलाय. शाळेच्या शहीद मिनारापाशी दगड बसवणार आहेत. उर्दू लादू नका म्हणणाऱ्यांवर ढाक्याला गोळीबार झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या शाळेची जी पोरं मोर्चा काढून पकडली गेली, त्यांची नावं त्यावर कोरणार. पोरं सात होती. यादीत नावं सहा आहेत.

यादी केलीय मोक्तादिरने. हो, तोच, तुझ्या बाकावरचा. आता त्याला मोक्तादिर मास्टर म्हणतात, पांढरी दाढी आहे, आणि पत्राच्या कागदावर नावाखाली 'भाषा-सैनिक' असं छापून घेतलंय. मी काठी टेकत त्याच्या घरी गेले.

"मोक्तादिर, सातवा कुठाय?"

"सातवा कोण, आपा?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस माझ्यापुढे. तारिकुल. तुझी गणितं कोण सोडवायचं?"

त्याने चष्मा काढून पुसला. "आपा, तो मुचलका लिहून सुटला. 'चूक झाली, सरकारची माफी मागतो, पुन्हा असल्या भानगडीत पडणार नाही.' अडीच आठवड्यांत घरी. आम्ही सहा जण तीन महिने आत सडलो. आणि आता राहतो कुठे? कराचीत! उद्या कोणी विचारलं की बांगला भाषेच्या दगडावर कराचीवाला कशाला, तर मी काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, तुझं तोंड दाखवण्यासारखं कधी होतं. आणि उठून आले.

तर तू एवढं कर. चार ओळी लिहून पाठव की त्या मुचलक्यावरची सही तुझी नव्हती. कोणी केली, कशी केली, यात आता शिरायचं कारण नाही. अब्बा गेले, तो पोलीस दरोगा गेला, कोणाला विचारणार? तू फक्त लिही. बाकीचं मी बघते.

बुबु

•

२ जानेवारी २००२

तारू,

पत्र पोचलं नसेल असं मी समजते. पोचूनही उत्तर दिलं नसशील तर तुझा हक्क आहे तो. एकाहत्तरच्या लढाईनंतर तू रेड क्रॉसमार्फत पाठवलेलं पत्र मी न वाचता चुलीत घातलं होतं. आमचं घर जळालं होतं आणि जाळणाऱ्यांच्या मुलखात तू राहत होतास. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आता आहे, म्हणून सांगते, ते मी चुकले. एवढंच. यापुढे रडगाणं गाणार नाही.

तू विसरला नसशील, तरी लिहिते. तुला भेटायला मी आणि अब्बा तुरुंगात आलो तो रविवार होता. मी कोई माशांचा रस्सा आणि भात आणला होता. जमादाराने भातात बोटं घालून तपासलं. तू सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेलं, कपाळावर लाठीचा व्रण. अब्बांनी दरोगाने दिलेला छापील मुचलका पुढे केला. तू बघितलासुद्धा नाहीस.

"अब्बा, हे नको."

अब्बा जमादाराशी बोलायला बाजूला गेले, कारण त्यांना तुझ्यापुढे रडायचं नव्हतं. मग मी तुला समजावलं. कोर्टातली नोकरी जाईल अब्बांची, नकला उतरवून पोट भरणारा माणूस दुसरं काय करणार, असं सगळं. तू भाताचा घास हातात धरून म्हणालास, "बुबु, तू विहिरीत उडी मार म्हणालीस तर मारीन. हे नको सांगूस."

मोक्तादिर पलीकडच्या सळ्यांमागून ऐकत होता. तुझा शब्द त्याने ऐकलाय. तरी आज तोच नाकाने कांदे सोलतो.

आता सहीचं. अब्बांच्या हातात कागद होता आणि नोकरीची तलवार डोक्यावर होती. त्यांचं अक्षर कसं वळायचं ते तुला माहीत आहे, दुसऱ्याचं हस्ताक्षर उतरवणं हा त्यांचा धंदाच होता. मी कोणाचं नाव घेत नाही. मेलेल्या माणसावर काय बोलायचं? पण तू समजून घे, आणि ती चार ओळींची चिठ्ठी पाठव. यादी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पक्की होणार आहे.

तुझी नातवंडं घरात उर्दूच बोलतात, असं हासिना म्हणाली. मला त्यावर काही म्हणायचं नाही. म्हणजे पुष्कळ म्हणायचं आहे, पण ते मला शोभणार नाही.

बुबु

•

१९ जानेवारी २००२

तारू,

अब्बांनी सही केली नव्हती. मागच्या पत्रात मी ते त्यांच्या कबरीवर ढकललं आणि तेव्हापासून मला घास गोड लागेना. काल सूनबाई म्हणाली, "मा, तुम्ही ताटाशी भांडताय की माझ्याशी?"

सही मी केली.

तुला आठवतं, तुझ्या प्रगतिपुस्तकावर अब्बांची सही कोण करायचं? गणितात पैकीच्या पैकी आणि इतिहासात भोपळा, की तू माझ्यामागे, "बुबु, कर ना, कर ना." मी आठवीत शाळा सोडली ती अब्बांच्या नकला उतरवायला बसले. गावातल्या निम्म्या लोकांच्या सह्या मला येत होत्या. तुझी तर काय, तुला शिकवली मीच. त्या रविवारी घरी आल्यावर मी मुचलका अब्बांच्या पिशवीतून काढला, पाटावर ठेवला आणि तुझं नाव लिहिलं. हात कापला नाही. अब्बा मशिदीतून आले तेव्हा मी म्हणाले, "अब्बा, हा घ्या. तुम्ही जमादाराशी बोलत होतात ना, तेवढ्यात त्याने केली. तुमच्यापुढे लाज वाटली त्याला."

अब्बांनी विश्वास ठेवला. किती पटकन ठेवला! कागद घेऊन तसेच ठाण्यावर गेले. चौथ्या दिवशी तू सुटलास. दरोगाने कागद बघून दार उघडलं असेल, तुला कोण विचारतंय, असं मी धरून चालले. तू घरी आलास, अंगणात बसून पाय धुतलेस, आणि मी म्हणाले, "अब्बांनी काहीतरी केलं बरं का, त्यांना बोलू नकोस." तू मान हलवलीस.

का केलं? मा आजारी होती. तापाने फणफणत होती, तुझं नाव घेत होती. तुला न भेटता ती गेली असती तर? म्हणून केलं.

हे सगळं मी परवा मोक्तादिरला जाऊन सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कोणाला सांगितलं. मला वाटलं होतं, माणूस खुर्चीतून उठेल तरी.

तो म्हणाला, "आपा, भावासाठी बहीण हेच बोलणार. मीही बोललो असतो. पण समितीला पुरावा लागतो."

"मी पुरावा नाही?"

"तुम्ही बहीण आहात."

मग चहा आला, चुरमुऱ्यांची मुडी आली, आणि त्याने दुसरंच काढलं. समितीत बोलणं झालंय म्हणे की पन्नासाव्या वर्षी एकही बाई यादीत नाही हे बरं दिसत नाही. जिल्ह्याच्या साहेबांनीही विचारलं. "आपा, मोर्चाच्या सकाळी आमच्या दंडावर काळ्या फिती होत्या, त्या तुम्ही शिवल्या होत्यात ना? मग तुम्हीही भाषा-सैनिकच की."

मोडक्या छत्रीचं कापड फाडून मी अकरा फिती शिवल्या होत्या, ते तू सकाळी उठून माझ्या पायाशी बसलास म्हणून. शिवताना तुला शिव्या घालत होते. त्याचं हे फळ! तुझं नाव नाही, माझं आहे.

मी त्याच्या अंगावर ओरडणार होते. पण मग डोक्यात आलं, सत्कार म्हणजे मंच, मंच म्हणजे माईक. खोलीत बसून मोक्तादिरला सांगितलं ते चहात बुडालं. साऱ्या गावापुढे सांगितलं तर कोण बुडवेल? मी म्हटलं, "बरं, घाल माझं नाव."

तो इतका खूश झाला की जाताना गुळाची ढेप दिली. खजुराचा नवा गूळ होता. मी शेजारणीला देऊन टाकला.

तुझी चिठ्ठी आली तर फार बरं होईल. नाही आली तरी मी बोलणार आहे.

बुबु

•

१० फेब्रुवारी २००२

तारू,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने पाकिटावरचा स्टँप बघून दोनदा माझ्याकडे बघितलं.

तू काय लिहिलंस ते तुझ्याकडे उरलं नसेल, म्हणून इथे उतरवते. आणि उतरवल्याशिवाय माझाही विश्वास बसत नाही.

"बुबु, बांगला लिहून खूप वर्षं झाली, अक्षरं जुळवायला दोन दिवस लागले. दरोगाने तो कागद माझ्यापुढे ठेवला होता. सही बघितली आणि लगेच कळलं, माझ्या सहीपेक्षा ती नीटनेटकी होती. अब्बा दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. दरोगाने विचारलं, ही सही तुझी? नाही म्हटलं असतं तर त्याने पुढचा प्रश्न विचारला असता. मी हो म्हणालो. तो म्हणाला, मोठ्याने म्हण, आतल्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मी मोठ्याने म्हणालो. मोक्तादिर आणि बाकीचे सळ्यांशी येऊन उभे होते. ते झालं, संपलं. आता उकरू नकोस. त्या सात जणांत मी होतो हे मला माहीत आहे, तेवढं पुरे. दगड नको. माझ्यासाठी कोणाशी भांडू नकोस, आणि माझ्या नावाने काही बोलू नकोस. गुडघ्याला मोहरीचं तेल लावतेस का? तारू."

तुला माहीत होतं.

अंगणात पाय धुत बसला होतास तेव्हा माहीत होतं. मी तुझ्यापुढे अब्बांचं नाव घेतलं आणि तू मान हलवलीस तेव्हाही माहीत होतं. माझ्या लग्नात वऱ्हाडाला भात वाढत फिरत होतास, घाटावर तुझ्या वर्गातली पोरं रांगेत उभी राहून "मुचलका! मुचलका!" ओरडत होती आणि तू माझ्या होडीत उशी नीट ठेवत होतास, तेव्हाही. सुटून आलेल्या मोक्तादिरच्या गळ्यात झेंडूचे हार, आणि तो साऱ्या बाजारासमोर तुझ्या पायावर थुंकला, तेव्हाही. आणि त्यानंतर तू कराचीची वाट धरलीस, तेव्हाही. एक शब्द! एक शब्द बोलला असतास, "माझी नव्हे, बुबुची", तर? मला पोलिसांनी नेलं असतं. नेलं असतं तर नेलं असतं! मला निदान तुझ्याकडे बघता आलं असतं.

मला तुझा राग आलाय, तारू. हे चांगुलपण कोणी मागितलं होतं? पन्नास वर्षं मी समजत होते की मी तुला फसवलं, आणि मीच फसत होते.

आता तुझ्याएवढं खरं मीही बोलते. मा आजारी नव्हती. म्हणजे ताप होता, पण उठून भात शिजवण्याइतकी बरी होती. मुचलक्यावरची तारीख आठव, नऊ मार्च. माझं लग्न चोवीस मार्चला. मी एकोणीस वर्षांची, सावळी, दोन ठिकाणची बोलणी मोडलेली. तिसऱ्या वेळी जमलं तर तू तुरुंगात जाऊन बसलास. सासऱ्यांचा निरोप आला होता, मुलगा रेल्वेत सरकारी नोकर आहे, कैद्याची बहीण घरात आणणार नाही. निरोप आला तो शनिवार. रविवारी आम्ही भात घेऊन आलो. तुला समजावताना मी अब्बांची नोकरी सांगितली, सासऱ्यांचं नाव काढलं नाही. तुझ्यापुढे तोंडच उघडलं नाही. कारण तू सही केली असतीस. माझ्या लग्नासाठी तू केली असतीस, हे मला माहीत होतं, आणि तुझ्याकडून ते मागायची लाज वाटत होती. मागायची लाज वाटली, चोरायची वाटली नाही.

तुझे दुल्हाभाई चांगले निघाले. हे तर सगळ्यात वाईट. मारझोड करणारे, दारुडे निघाले असते, तर फिटलं म्हटलं असतं. ते जाईपर्यंत एकोणतीस वर्षं मी सुखात होते, आणि घाटाच्या बाजूने जाताना मान वळवून जात होते.

तू म्हणतोस बोलू नको. आजवर एवढं गप्प बसून झालं, आता आणखी गप्प बसवत नाही. एकवीसला मी बोलणार. रागावायचं तर रागाव.

गुडघ्याला मोहरीचं तेल लावते. काही उपयोग नाही.

बुबु

•

२६ फेब्रुवारी २००२

तारू,

बोलले. आता ऐक काय झालं.

पहाटे फेरी निघाली. सगळे अनवाणी, छातीवर काळी फीत, हातात फुलं. आदल्या दिवशी आमच्या दारचा झेंडू आणि गुलाब शाळेच्या पोरींनी ओरबाडून नेले होते. दरवर्षी नेतात, आणि मी दरवर्षी शिव्या घालते. मी म्हटलं, मीही चालत येणार. सूनबाई म्हणाली, "मा, तुमचा गुडघा! व्हॅनरिक्षात बसा." बसले नाही. दवाने गार पडलेल्या रस्त्यावर अनवाणी चालताना मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. वाटलं, आज संपेल.

दगड आलाच नव्हता. दोन दिवसांवर कुर्बानीची ईद, रस्ताभर बाजाराला निघालेली गुरं, त्यात दगडाचा ट्रक अडकून पडला. मग समितीने पांढऱ्या कापडावर नावं रंगवून मिनाराशेजारी टांगली आणि साहेबांनी पडद्याची दोरी ओढली. सहा नावं, सातवं माझं. सहांपैकी चौघे कधीच वारलेत, त्यांची मुलं खुर्च्यांवर बसली होती. पाचवा नुसता हसत होता, त्याला आता कोणी ओळखू येत नाही. सहावा मोक्तादिर.

माझ्या खांद्यावर उपरणं घातलं, हातात काचेचं मानचिन्ह दिलं. मोक्तादिर माईकवर म्हणाला, "ज्या हातांनी आम्हांला काळ्या फिती शिवून दिल्या, त्या हातांना आज हे गाव सलाम करतंय." टाळ्या. मग मला माईक दिला.

मी सगळं बोलले, तारू. काही लपवलं नाही. म्हणाले, "मी भाषेसाठी काही केलेलं नाही. या हातांनी मी माझ्या भावाची खोटी सही केली. माझं लग्न मोडू नये म्हणून केली. तारिकुलने माफी मागितली नव्हती. मला पोलिसांनी नेऊ नये म्हणून त्याने दरोगापुढे ती सही आपली म्हटली. तुम्ही त्याला मुचलकेवाला म्हणालात. त्याच्या पायावर थुंकलात. थुंकायचं तर माझ्यावर थुंका, मी इथे उभी आहे." आणि थांबले.

मी मोक्तादिरकडे बघितलंच नाही. मला वाटलं, आता कोणीतरी दगड मारील. मी त्याची वाट बघत होते, तुला खरं सांगते.

टाळ्या वाजल्या.

आधी पोरींनी वाजवल्या, मग सगळ्यांनी. बायका डोळे पुसत होत्या. निवेदकाने माईक घेतला आणि गहिवरून म्हणाला, "बघा! भावाच्या सुटकेसाठी स्वतःच्या माथी कलंक घेणारी ही बहीण! अशी माता घराघरात जन्माला येवो!" साहेबांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. मी ओरडले, "अहो, नीट ऐका, माझ्या लग्नासाठी केलं!" तर लोक हसले, प्रेमाने हसले, आणि आणखी टाळ्या वाजल्या. म्हातारी किती साधी आहे बघा, म्हणे. वर्तमानपत्राचा माणूस जवळ आला, "खाला, सही करताना मनात कोणती भावना होती?" मी म्हटलं, "लाल साडीची." त्याने छापलंय, 'भावाला मृत्यूच्या दाढेतून सोडवणारी वीरांगना'. फोटोत माझं तोंड उघडं आहे.

ज्या सहीपायी तुझ्या पायावर थुंकले, त्याच सहीपायी माझ्या पाया पडले. आणि तुझं काय? तुझ्याबद्दल कोणी एक अक्षर विचारलं नाही. कुठे असतो, जिवंत आहे का, काही नाही. हासिना तेवढी रडत होती, तीसुद्धा माझ्यासाठीच.

काल ईदच्या तिसऱ्या दिवशी मोक्तादिर मांसाचा वाटा घेऊन घरी आला. वाटा सूनबाईच्या हाती दिला. मग म्हणाला, "आपा, मी ऐकलं होतं त्याला 'हो' म्हणताना. फार मोठ्याने म्हणाला होता. मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं."

"मग थुंकलास कशाला?"

"तीन महिने झाले होते आपा. कोणावर तरी थुंकायचं होतं."

हे तो खरं बोलला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा तिटकारा आला नाही. म्हणाला, "त्याला लिहाल तेव्हा लिहा, मोक्तादिर विचारत होता."

"काय विचारत होता?"

"तब्येत." आणि उपरण्याने नाक पुसलं.

मग त्याने खिशातून कागद काढला. दगड आलाय, पाथरवट शुक्रवारी बसणार, समितीने माझ्या भाषणाचा मान राखून नवा मजकूर केलाय. सातव्या ओळीत आता असं कोरायचं, 'लुत्फुन्नेसा बेगम व त्यांचे बंधू'.

"बंधूला नाव नाही?"

"नाव नको, आपा. नावावरून लोक पत्ता काढतील, पत्ता कराचीचा. बंधू म्हटलं की कोणाची हरकत नाही. साहेबांनाही विचारलंय."

बघ तारू, जिथे तुझं नाव नको होतं तिथे मी ते वळणदार अक्षरात लिहिलं, एका बैठकीत, हात न कापता. आता जिथे हवं आहे तिथे ते कोरायला सारं गाव भितंय. आणि बिननावाचा का होईना तू त्या दगडावर येशील, तो माझ्या शेपटाला बांधलेला. माझ्या जिभेवर आलं होतं, कोर बाबा, काहीच नसण्यापेक्षा बरं. ओठापर्यंत आलं आणि गिळलं.

मी म्हटलं, "थांबा. मी त्याला विचारते."

"आपा, पत्र जायला पंधरा दिवस, यायला पंधरा. पाथरवट शुक्रवारचा ठरलाय."

"पाथरवट महिन्याने आला तर बांगला भाषा मरणार नाही, मोक्तादिर."

तो गेला. महिनाभर थांबतो म्हणाला, त्यापुढे नाही.

तर सांग. माझ्यामागे बिननावाचा बंधू म्हणून तुला त्या दगडावर यायचं असेल तर तसं लिही. नको असेल तर माझंही नाव काढायला लावते, मग ओळ कोरी राहू दे. किंवा माझं एकटीचं राहू दे म्हणालास तर तेही करीन, आणि रोज शाळेवरून जाताना वाचीन, तेवढी शिक्षा मला कमीच आहे. तुझ्या नावाने मी एकदा न विचारता सही केली. परवा तू नको म्हणत असताना साऱ्या गावापुढे बोलले. या वेळी तुझं उत्तर येईपर्यंत मी हात बांधून बसलेय. लवकर लिही. अक्षर वाईट आलं तरी चालेल, सही मात्र स्वतः कर.

बुबु